क्वीन्स पार्कचं लाकडी मैदान

बॉक्स लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत हॉकीच्या बंदिस्त रिंकमध्ये खेळायचं कॅनडातलं लॅक्रॉस. 'हॉकीच्या रिंकवाल्यांना उन्हाळ्यात तिकिटं विकायची होती, म्हणून बॉक्स लॅक्रॉस आलं' असं म्हणतात, ते खरंच आहे. १९३१ साली माँट्रियलच्या हॉकी संघाच्या मालकांनी काढलेली व्यावसायिक लीग मात्र फार टिकली नाही. तग धरला तो हौशी मंडळींनी. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९३२ साली इंटर-सिटी लीग सुरू झाली, तीच आजची वेस्टर्न लॅक्रॉस असोसिएशन. इथे सांगायलाच हवी अशी गोष्ट म्हणजे तिथल्या स्क्वामिश या मूळनिवासी लोकांचा नॉर्थ शोअर इंडियन्स हा संघ. स्क्वामिश नेते अँडी पॉल यांनी पूर्वेकडचे हौडेनोशोनी (इरोक्वॉय) या मूळनिवासी राष्ट्रांतले खेळाडूही आणून तो बांधला आणि १९३६ साली मॅन कप या कॅनडाच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत नेला. तिथे ऑन्टॅरिओतल्या ओरिलियाच्या संघाकडून हरले, पण ज्यांचा मूळ खेळ त्यांचाच हा संघ होता, हे विसरून कसं चालेल?

बाकी, ब्रिटिश कोलंबियातल्या न्यू वेस्टमिन्स्टरला क्वीन्स पार्क अरीनात या वेस्टर्न लीगचा सामना बघायला कधी गेलात तर खाली बघा. बहुतेक ठिकाणी काँक्रीट, इथे अजून लाकडी फळ्या! चेंडूचा आवाजच वेगळा येतो. आणि समोर धावणाऱ्यांतले कित्येक हिवाळ्यात एनएलएलमध्ये (नॅशनल लॅक्रॉस लीग या व्यावसायिक लीगमध्ये) खेळतात, त्यामुळे 'हौशी' म्हणून नाक मुरडू नका.