फोन होता कुणाकडं?
हेल्पलाईन होती, मग लॉकडाऊनात नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांनी फोन का नाही केला, असं काहीजण विचारतात. अहो, आमच्या परभणीकडं घरात एकच मोबाईल, तोही नवऱ्याच्या खिशात. राष्ट्रीय महिला आयोगानं १० एप्रिल २०२० ला तक्रारीसाठी व्हॉट्सअ‍ॅप नंबर काढला, चांगलंच केलं; पण रिचार्जचं दुकान तरी उघडं होतं का? शेजारणीनं ताप मोजायला आलेल्या आशाताईला पदर सारून दंडावरचा वळ दाखवला. नवरा मागंच उभा. ताई म्हणाली, "उद्या पुन्हा तपासावं लागंल." अन् दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलाला घेऊनच आली.

आणि हो, घर कुणाच्याही नावावर असो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानं बाईला तिथं राहायचा हक्क आहे. कोर्ट नवऱ्यालाच बाहेर काढू शकतं.