शब्दचर्चा : ‘डिफ लॉक’, ‘लिमिटेड’ आणि दोन चाकांची वाटणी

गोदाकाठ
मंडळी, विचारायचाय शब्द, पण त्यामागं पैशाचा मामला आहे. आमची पिकअप मागच्या चाकांवर चालते. गंगाखेडहून शेताकडं जाताना शेवटचा दीड किलोमीटर काळ्या रानातून. पाऊस झाला आणि वाफसा यायच्या आत गाडी घातली की एक मागचं चाक जागीच गिरक्या घ्यायलंय, दुसरं ढिम्म. मेस्त्री म्हणाला, “डिफ लॉक टाकून घ्या.” नांदेडला पार्टच्या दुकानात विचारलं तर “तेच ते, लिमिटेड म्हणतात त्याला.” घरी पुतण्यानं मोबाइलमध्ये बघून तिसराच शब्द काढला, टॉर्सन. तिन्हींच्या किमती वेगळ्या, मग वस्तू एकच कशी? आणि मुळात डिफ म्हणजे डिफरन्शियल, दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा, त्याला मराठीत काय म्हणायचं? वडिलांना ‘लिमिटेड’ म्हटलं की एसटी आठवते.

व्युत्पत्ती
पुस्तकी शब्द ‘विभेदक’. दोन चाकांच्या फेऱ्यांत भेद पडू देतो म्हणून. गाडी अर्धं वर्तुळ घेऊन मागं वळवताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त चालतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं तर अर्ध्या वर्तुळात हा फरक साधारण ४.७ मीटर येतो. तो पचवायला ही यंत्रणा. मोटारींच्या कितीतरी आधी, १८२७ साली, ओनेसिफोर पेक्वर या फ्रेंच घड्याळजीनं वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं.
आणि गाडी फसली की जो शब्द कानावर येतो त्या ‘ट्रॅक्शन’साठी कोशात ‘कर्षण’ आहे. कृष् म्हणजे ओढणे, नांगरणे. कृषी त्यातूनच. ट्रॅक्टरचं लॅटिन मूळही ‘ओढणे’च. शब्द मातीतलाच आहे, उगाच जड वाटतो.

पाना नंबर चौदा
व्युत्पत्ती सर, कर्षण म्हणजे ओढ. गोदाकाठ भाऊंच्या गाडीला ओढ कमी नाही, पकड नाही. दोन्हीला एकच शब्द वापरला की इथंच घोटाळा होतो. इंजिन कितीही ओढू द्या, टायरखाली राड असेल तर काय उपयोग?
आणि लातूरच्या गॅरेजात ‘विभेदक उघड’ म्हणालात तर पोऱ्या चहा आणायला जाईल. आम्ही त्या सगळ्या गोळ्यालाच ‘हाऊसिंग’ म्हणतो, आणि आतून आवाज यायला लागला की “क्राऊन रडायलाय”, म्हणजे आतला मोठा गिअर.
आता मुद्द्याचं. दुकानदार तुम्हाला फसवत नसेल, पण त्याच्या लेखी सगळं एकच, ‘लॉक’. वस्तू निदान चार.
साधं असतं ते मोकळं. दोन्ही चाकांना रेटा सारखाच देतं, फेऱ्या ज्याच्या त्याच्या. एक चाक चिखलात २०० न्यूटन-मीटर रेट्यावरच सटकत असेल तर कोरड्या जागेवरच्या चाकालाही २००च मिळतात.
लिमिटेड स्लिप म्हणजे आत क्लचप्लेटा. त्या दोन्ही बाजूंना आवळून धरतात, घसरण होऊ देतात पण मर्यादेत. प्लेटा झिजतात, ऑइलही त्याच्यासाठीचंच लागतं. साधं ओतलं की वळणावर कुरकुर सुरू.
टॉर्सन हे टॉर्क (फिरवणारा रेटा) आणि सेन्सिंग (ओळखणं) जोडून केलेलं नाव. १९५८ चं अमेरिकन पेटंट, व्हर्नन ग्लीझमन यांचं. प्लेटा नाहीत, तिरप्या दातांचे गिअर. घसरणाऱ्या चाकापेक्षा दुसऱ्याला काही पट जास्त देतं. पट ३ धरली तर वरच्या हिशोबात २०० ला ६००. पण एक चाक खड्ड्यावर अधांतरी लटकलं की शून्याची तिप्पट शून्यच. अशा वेळी हँडब्रेक थोडा ओढला तर टॉर्सनला पकडायला काहीतरी मिळतं. मोकळ्या डिफरन्शियलला त्याचा फायदा नाही, कारण ब्रेक दोन्ही चाकांना लागतो आणि दुसऱ्या चाकाला मिळालेला रेटा तिथलाच ब्रेक खातो. आमच्याकडं येणारे बरेच ड्रायव्हर हे ऐकून घेत नाहीत.
लॉकर मात्र खरंच लॉक. दोन्ही चाकांचे दांडे, म्हणजे एक्सल, एक. चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं.

बांधावरची
दादा, वडिलांना समजवायचं तर जू दाखवा की. जू मधोमध बांधलंय, एक बैल पुढं सरला तरी ते तिरपं होतं, मोडत नाही. पण एकानं खांदा टाकला की दुसरा कितीही तगडा असू द्या, त्याच्या जोराला टेकू उरत नाही. हे झालं तुमचं मोकळं. टॉर्सन म्हणजे बांधायची जागा सरकवलेलं जू, कमजोर बैलाकडं लांब बाजू. आणि लॉक म्हणजे जू दांडीला असं जखडलंय की तिरपं व्हायलाच नको. सरळ तासात ठीक, वळताना बैलांचे हाल.
बहुतेक ट्रॅक्टरवर डिफ लॉकचं पेडल उजव्या टाचेजवळ असतं. आधी क्लच दाबून फिरणारं चाक थांबवायचं, मग पेडल. ते दाबलेलं असताना स्टिअरिंग फिरवायचं नाही. आमचा गडी मात्र मागच्या पावसात पेडलला हातच लावेना. फिरणाऱ्या बाजूचा एकट्याचा ब्रेक दाबून त्यानं उसाची ट्रॉली काढली. मला वाटलं नशीब, पण नाही, ब्रेकनं त्या चाकाला भार दिला आणि तेवढाच रेटा पलीकडं गेला.

पाना नंबर चौदा
ताई, नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हेच करतो. सटकणाऱ्या चाकाचा ब्रेक आपोआप दाबतो. त्यालाही विकणारे ‘डिफ लॉक’च म्हणतात, बघा आता.

गोदाकाठ
जू दाखवल्यावर वडिलांनी एका वाक्यात निकाल दिला, “मग वळताना सोडता येईल असं बघ.” असं मिळतं का?

पाना नंबर चौदा
मिळतं. एक हवेच्या दाबानं किंवा विजेच्या बटनावर लागणारं, पाहिजे तेव्हा लावा, पाहिजे तेव्हा सोडा. दुसरं थारच्या काही मॉडेलांत येतं ते मेकॅनिकल लॉकिंग, एमएलडी. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप लागतं, वेग वाढलेला असला तर लागतच नाही. तुमच्या हाऊसिंगमध्ये कोणतं बसतं ते दातांच्या संख्येसकट विचारा. तुमच्या कामाला मी याच दोघांपैकी एक घेईन. प्लेटावालं चिखलात काम करतं, पण रोज माल लादणाऱ्या गाडीत प्लेटांचा खर्च डोक्याला. पुढच्या चाकांवर चालणारी कार असती तर सरळ टॉर्सन म्हणालो असतो, तिथं लॉकर घातला की स्टिअरिंग हातात राहत नाही.
कुणी गिअरना वेल्डिंग मारून देतो म्हणाला तर उठून या. स्वस्त पडतं, पण डांबरीवर वळताना टायर खरवडतात आणि एक्सल तुटतो. आणखी एक, लॉक लावून तिरप्या बांधावरून जाऊ नका. दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि मागचा भाग उताराकडं सरकतो. मोकळ्यात निदान एक चाक जागा धरून असतं.

व्युत्पत्ती
मग शब्द असे ठेवू या का? मोकळं, आवळतं, तोलतं आणि जखडतं. टॉर्सनला ‘आवळतं’ म्हणणं मला पटत नाही. ते चाकं बांधत नाही, रेट्याची वाटणी बदलतं.

बांधावरची
‘तोलतं’ नको, तराजू दोन्हीकडं सारखीच वाटणी करतो. ते तर मोकळं झालं.

व्युत्पत्ती
बरोबर. ‘झुकतं’ म्हणू. झुकतं माप देतं.

गोदाकाठ
आज मागची दोन्ही चाकं जॅकवर घेतली, पुढच्यांना दगड लावले, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि हातानं डावं चाक फिरवलं. उजवं उलटं फिरलं. म्हणजे मोकळंच. पाना भाऊ, एमएलडी असतं तर?

पाना नंबर चौदा
हातानं हळू फिरवल्यावर तेही उलटंच फिरतं, टॉर्सनही. प्लेटावालं असतं तर जोर लावल्याशिवाय हललं नसतं. मागच्या मालकानं काही बसवलंय का, ते झाकण काढूनच कळेल.

गोदाकाठ
मागचे मालक आमचे वडीलच. म्हणायलेत, “मी फक्त टेप बसवला होता.”