आईची झडप बदलायचीय, टिश्यू की मेटल?

भीमाकाठ:
आई ६७ वर्षांची, हृदयाची ॲओर्टिक झडप (शरीराला रक्त जातं त्या वाटेवरची) अरुंद झालीये, चार पायऱ्या चढली की दम लागतो आणि मागच्या महिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन लांबवू नका, झडप कुठली ते घरी ठरवा. मेटलची घातली तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि सारखी आयएनआर तपासणी (रक्त किती पातळ झालंय ते बघायची), आमच्या गावात लॅबच नाही. टिश्यू, म्हणजे जनावराच्या ऊतीची, किती वर्षं टिकते? अजून एक, आई माळकरी आहे. डुकराची झडप नाहीतर गाईगुरांच्या हृदयावरचं आवरण, हे तिला सांगायचं कसं?

अबोली:
मला ३४ व्या वर्षी मेटलची मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूची दुसरी झडप) बसवली, लहानपणी सांधेताप होऊन झडप खराब झाली होती. तरुण वयात टिश्यूवर कॅल्शियम लवकर साचतं आणि मायट्रलच्या जागी ती अजून लवकर झिजते म्हणून. पण असिट्रोम, म्हणजे ती रक्त पातळ करायची गोळी, सांभाळणं सोपं नाही हो, मेथी-पालक कमीजास्त झालं तरी आयएनआर हलतो. लॅब लांब असेल तर ६७ ला टिश्यूच बरी.

सदाफुली:
बाबांना २०११ ला टिश्यू घातली, पहिले तीन महिने पातळ करायची गोळी मग फक्त ॲस्पिरिन. १२ वर्षं शेतात राबले. मग टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) गळती दिसली, तर जांघेतून जुन्या झडपेतच नवी बसवली, छाती परत उघडावी लागली नाही. म्हणून डॉक्टरांना आत्ताच साइज विचारा, झडप फार लहान बसली तर पुढे आत दुसरी घालायला जागा उरत नाही. दरवर्षी एको चुकवू नका, आणि दात काढायच्या आधी अँटिबायोटिक, झडपेला इन्फेक्शन झालं तर फार वाईट.

वॉर्डातली ताई:
साधारण १० ते १५ वर्षं धरा, वय जास्त तेवढी जास्त टिकते. ग्लुटराल्डिहाइड नावाच्या रसायनात प्रक्रिया केलेली असते त्यामुळे किडनी बदलल्यावर शरीराने ती नाकारू नये म्हणून लागतात तशा गोळ्या लागत नाहीत. आणि दादा, आईंपासून लपवू नका, संमतीच्या कागदावर सही त्यांची आहे.

भीमाकाठ:
काल सांगितलं. बराच वेळ माळ हातात धरून बसली, मग विचारलं, माझ्यासाठी मारतात का रे जनावर? म्हटलं नाही, खाण्यासाठी कापलेल्याचंच घेतात. तर म्हणे मग बसवा, आषाढीला चालता आलं पाहिजे. मंगळवारी जातोय, साइजचं विचारतो.