महाकाय प्राण्यांचा घात माणसानेच केला

रानवाट:
मॅमथ, मॅस्टोडॉन (दोन्ही हत्तीचे नामशेष नातलग), हत्तीएवढे जमिनीवरचे स्लॉथ (आज झाडाला लटकणाऱ्या संथ स्लॉथचे थोरले भाऊबंद) केवळ हवामान बदललं म्हणून संपले, हे मला अजिबात पटत नाही. गेल्या आठ लाख वर्षांत हिमयुगं कितीदा आली नि ओसरली! सव्वा लाख वर्षांपूर्वीचा उबदार काळ पुष्कळ भागांत आजच्याइतकाच किंवा जास्त गरम होता. त्यातूनही ही मंडळी तगली. शेवटच्या खेपेला नवीन आला तो भालेवाला माणूस. स्लॉथचंच बघा: अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ते सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी गेले, क्युबात मात्र त्यानंतरही सहा-एक हजार वर्षं टिकले. हवामान दोन्हीकडे बदललं होतं, क्युबात माणूस उशिरा पोचला.

मृण्मयी:
असहमत. उत्तर अमेरिकेतून मोठ्या सस्तन प्राण्यांच्या ३०हून अधिक प्रजाती गेल्या. शिकारीचा ठोस पुरावा मॅमथ, मॅस्टोडॉन अशा मोजक्यांचाच आहे. मग आळ सगळ्यांचा कसा घेता? आणि अलास्काजवळचं सेंट पॉल बेट? तिथे १८व्या शतकापर्यंत माणूस नव्हता, तरी मॅमथ सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी संपले. समुद्र चढला, बेट आक्रसलं, गोडं पाणी आटत गेलं. उरलेल्या तळ्याकाठी कळपांची गर्दी झाली, झाडोरा तुडवला गेला, माती तळ्यात उतरली नि पाणी गढूळ झालं. तहानेने गेले बिचारे.

रानवाट:
सेंट पॉल मान्य, ताई. पण ते एवढंसं बेट, अख्ख्या खंडातलं पाणी काही आटलं नव्हतं. आणि सरसकट कत्तलीची गरजच नसते. हत्तीण २२ महिने गाभण असते, दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर. दरवर्षी थोड्या माद्या जास्त मारल्या गेल्या तरी काही शतकांत कळप संपतो. वॉशिंग्टन राज्यात मॅनिस इथे मॅस्टोडॉनच्या बरगडीत रुतलेलं भाल्याचं हाडी टोक सापडलंय, सुमारे १३,८०० वर्षांपूर्वीचं.

गोदाकाठ:
भारताकडेही बघा. नर्मदा-गोदावरीच्या खोऱ्यांत पाणघोड्याचे नि प्रचंड हत्तींचे जीवाश्म मिळतात. ते गेले, पण आजचा हत्ती, गेंडा, गवा राहिले. इथे माणसाचे पूर्वज लाखो वर्षं वावरत होते, त्यांना बुजायला प्राणी शिकले असणार. अमेरिकेतल्या प्राण्यांना तेवढा वेळ मिळाला नाही. मी रानवाट यांच्या बाजूने.

मृण्मयी:
बुजरेपणा हाडांत दिसत नाही हो, त्यामुळे हा तर्कच राहतो. सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावरचे शेवटचे मॅमथ सुमारे ४ हजार वर्षांपूर्वी संपले आणि तिथली माणसाची सर्वांत जुनी खूण त्यानंतर काही शतकांनीची आहे. तिथे भाला कोणाच्या हातात होता, तेवढं सांगा.