मदत हवी आहे: वृद्धसेवा केंद्रात मावशी एकच ग्लोव्हजची जोडी सगळ्यांना वापरतात, सवय कशी मोडावी?

नमस्कार मंडळी,

लातूरजवळच्या एका छोट्या वृद्धसेवा केंद्राचं रोजचं काम मी पाहते. बरेच आजी-आजोबा अंथरुणालाच खिळलेले, काहींना लघवीची नळी लावलेली, काहींना बेडसोअर, म्हणजे पडून पडून झालेल्या जखमा. डॉक्टर अधूनमधून येऊन बघून जातात, बाकी सगळं मावशींच्या हातात.

कोविडपासून मावशींच्या मनात पक्कं बसलंय, ग्लोव्हज चढवले की काळजी मिटली. मग एका आजींचं डायपर बदललं, त्याच हाताने पलंगाचा कठडा धरला, युरीन बॅग उचलली आणि शेजारच्या आजोबांना चहा पाजला. बोललं की म्हणतात, "ताई, मोजे हायेत की हातात, मग आणिक हात कशाला धुवायचे?" ग्लोव्हजला न दिसणारी छिद्रं असतात, काढतानाही हात खराब होतात, म्हणून जोडी माणसागणिक बदलायची आणि काढल्यावर हात स्वच्छ करायचेच, हे सांगून झालंय. त्या मान डोलावतात, दुपारपर्यंत पुन्हा तेच.

त्यांची अडचणही खोटी नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर. 2016 साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे दर वेळी 40 ते 60 सेकंद साबणाने हात धुवा म्हणताना जीव कचरतो. म्हणून हात मळलेले दिसत नसतील तर अल्कोहोलचा हँडरब (सॅनिटायझर) 20 ते 30 सेकंद, आणि शी, उलटी, जुलाब असतील तर साबण-पाणीच, असं मी ठरवलंय. जुलाबाच्या काही जंतूंवर अल्कोहोल चालत नाही, तिथे पाण्याची काटकसर मला मान्य नाही.

आता विचारायचं ते असं. भरवणं, वेणी घालणं, चादर सारखी करणं याला एरवी ग्लोव्हज लागतच नाहीत, स्वच्छ हात पुरतात. तिथले कमी केले तर खर्चही वाचेल. पण भेटायला येणारी लेकरं-सुना उघड्या हाताने भरवताना पाहिलं की तक्रार करतात. त्यांना कसं समजावता?

दुसरं, हँडरबची बाटली प्रत्येक पलंगाशी हवी, पण विसरभोळेपणाचा आजार असलेले एक आजोबा हाताला लागेल ते तोंडाला लावतात. मावशींच्या खिशात छोट्या बाटल्या देऊन कुणी बघितलंय का? भरून ठेवायचं लक्षात राहतं का?

कुणी नर्सिंगमधलं असेल, किंवा घरी अंथरुणावरच्या माणसाचं करत असेल, तर जरूर लिहा. पाऊस लांबला की टँकरही कमी होतात, त्याआधी हे मार्गी लावायचंय.