आधी मशीन की आधी फ्रिज? घरखर्चाचे तुमचे अनुभव लिहा

मंडळी, सल्ला हवाय, पण त्याहून जास्त अनुभव हवेत. 'काय करायला पाहिजे' हे मलाही कळतं. तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत आणि कुठे फसलात, ते लिहा.

घरात आम्ही दोघं, दहा वर्षांची लेक आणि दीड वर्षाचा मुलगा. मुलगा झाल्यापासून माझी नोकरी बंद, म्हणजे कमावणारा एकच. वॉशिंग मशीन अकरा वर्षांचं आहे. गेल्या आठवड्यापासून ते पाणीच बाहेर टाकत नाही, कपडे धुऊन होतात आणि गढूळ पाण्यात तरंगत बसतात. फ्रिज चालू आहे, पण दिवसभर घरघरतो आणि विजेचं बिल चढलंय. नवरा म्हणतो, दोन्ही हप्त्यांवर घेऊन टाकू, बिनव्याजी तर आहे. मला हप्ता म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यात लेकीला टॅब हवाय. 'आपल्याला आत्ता परवडत नाही' हे तिला सांगावं की नाही, इथपासून माझा गोंधळ आहे.

*

आयुष्यभर हिशेबनीस होतो, म्हणून 'बिनव्याजी' या शब्दावर आधी बोलतो. दुकानात एकच प्रश्न विचारा: आत्ता सगळे पैसे रोख दिले तर किती कमी कराल? समजा छापील किंमत १०० आहे. रोखीने ९२ आणि सहा हप्त्यांत १००. मग वरचे ८ हे व्याजच झालं, फक्त त्याला तसं म्हणत नाहीत. आणि हे ८ 'आठ टक्के' नव्हेत, कारण पूर्ण रक्कम सहा महिने तुमच्याकडे राहत नाही, दर महिन्याला थोडी परत जाते. पहिला हप्ता महिन्याभराने धरला तर वर्षाच्या हिशेबाने हा दर २९ टक्क्यांच्या आसपास जातो. प्रक्रिया शुल्क असेल तर ते वेगळं.

सरसकट व्याजाचंही तसंच. '१० टक्के फ्लॅट', म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर, हे ऐकायला गोड लागतं. बारा मासिक हप्त्यांच्या कर्जात घटत्या शिलकीवर, म्हणजे खरोखर उरलेल्या रकमेवर, मोजलं तर ते जवळपास १८ टक्के होतं. मी स्वतः तरुणपणी मोटरसायकलसाठी असंच कर्ज घेतलं होतं. हिशेब लिहिणाराच फसला, यावर बायको अजून हसते.

रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज खरोखर सारखी असेल, तर मात्र हप्ते जरूर घ्या. तिथे घाबरायचं कारण नाही.

*

क्रेडिट कार्डावर 'किमान रक्कम' भरत राहू नका, एवढंच सांगते. मी दोन वर्षं भरली. थकबाकी तशीच राहते, आणि बहुतेक कार्डांवर मागची बाकी असेल तर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. महिना ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर. हे कळलं तेव्हा आधी कार्ड कपाटात गेलं, मग कपाटाची किल्ली नवऱ्याकडे.

*

ताई, मशीन समोरून दार उघडणारं आहे का? असेल तर विकत घेण्याआधी खाली एका कोपऱ्यात बघा, छोटं चौकोनी झाकण असतं. त्याच्या मागे पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवरची जाळी असते. प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या, खाली पसरट ताट आणि जुना टॉवेल ठेवा, मग गोल बूच हळूहळू फिरवा. एकदम फिरवू नका, मी फिरवलं आणि स्वयंपाकघरापर्यंत ओघळ गेला. आमच्या जाळीत केसांची पिन, लोकरीच्या बोळ्यासारखा गाळ आणि बाळाचा एक मोजा होता. त्याआधी आलेला दुरुस्तीवाला 'मोटर गेली, नवीनच घ्या' असं सांगून गेला होता.

फ्रिजसाठी कागदाची पट्टी घ्या. दारात अडकवून दार लावा आणि ओढा. अलगद निसटली तर दाराचं रबर सैल झालंय, गारवा बाहेर जातोय, म्हणून तो थांबत नाही. रबर बदलून मिळतं. मागच्या जाळीवरची धूळही झटका.

*

जाळी साफ करायला सांगणाऱ्या वरच्या दादांशी सहमत, पण दुसरी बाजूही लिहिते. मी काटकसरीच्या नादात मशीन घेणं दोन वर्षं लांबवलं. पहिलं मूल, हाताने धुणं, पाठ कायमची धरली. 'अजून चालतंय की' असं जो म्हणायचा तो माणूस कपडे धूत नव्हता. पुढे औषधोपचाराला जे गेले त्यात मशीन आलं असतं. घरात जी वस्तू रोज लागते आणि एकाच माणसाचे कष्ट वाचवते, तिचा निर्णय त्या माणसाने घ्यावा. बाकीच्यांनी पैसे कुठून आणायचे ते बघावं.

*

आमची भांडणं रकमेवरून कधीच नव्हती, न सांगता केलेल्या खरेदीवरून होती. नवरा हेडफोन आणायचा, मी 'सेल होता' म्हणत चादरी. शेवटी एक आकडा ठरवला: याच्यावरची कुठलीही खरेदी दुसऱ्याला विचारूनच. आणि दोघांना महिन्याला थोडे पैसे असे, ज्यांचा हिशेब कोणी मागायचा नाही. पहिले तीन महिने वही फेकाफेकीपर्यंत गेलं, खोटं कशाला बोलू. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलं झोपल्यावर बसतो. पंधरा मिनिटं पुरतात.

एक कमाई असताना मोठी खरेदी करणार असाल, तर निदान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे ना, ते आधी बघा. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा आमच्या दारात नवा सोफा होता आणि खात्यात काही नव्हतं. सोफ्यावर बसून रडले मी.

*

लेकीला सांगा. दहा वर्षांच्या मुलांना घरातलं वातावरण तसंही कळतं, न सांगितलं तर ती मनाने काहीतरी भयंकर रचतात. फक्त 'पैसे नाहीत' असं न म्हणता 'आत्ता पैसे याच्यासाठी ठेवलेत' असं म्हणा.

आम्ही मुलाला मीटरचं काम दिलं. रोज सकाळी आकडा वहीत लिहायचा. १००० वॉटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, एवढं शिकवलं. मग त्याने घरभर फिरून वस्तूंच्या पाट्या वाचल्या. २००० वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, आणि १० वॉटच्या दिव्याला तेवढ्यासाठी १०० तास लागतात, हा शोध त्याने जेवताना जाहीर केला. मी वर्षानुवर्षं दिव्यांवरून ओरडत होते आणि आजोबांचा गीझर सकाळभर चालू! वाचलेल्या बिलातला अर्धा वाटा त्याचा, असं ठरलं. सायकलचे नवे टायर त्यातून आले. आजोबा मात्र अजून रागावलेले आहेत.

*

बाळाच्या गोष्टी जुन्या घ्यायला लाजू नका. पाळणा, बाबागाडी, कपडे, सगळं आम्ही चुलत बहिणीकडून घेतलं. गाडीतली लहान मुलांची सीट आणि हेल्मेट मात्र कुठून आलं माहीत नसेल तर घेऊ नका. अपघातात आपटलेली सीट बाहेरून धडधाकट दिसू शकते.

*

सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलगा झोपल्यावर मशीनसमोर टॉवेल पसरून बसलो. नवऱ्याने बूच फिरवलं, मी टॉर्च धरला, लेक ताट घेऊन तयार. गाळाचा एक गोळा, शर्टाचं बटण, अर्धं खोडरबर आणि चार नाणी निघाली. पाणी आता जातंय. पिळताना खडखड होते ती आहेच, तेव्हा वर्षभराने नवीन घ्यावं लागेल असं धरून दर महिन्याला थोडं बाजूला टाकणार आहोत. फ्रिजच्या दारातली पट्टी खालच्या कोपऱ्यात सर्रकन निघाली, रबर मागवलंय. हप्त्यांच्या दुकानात फोन करून रोखीची किंमत विचारली, तर पलीकडचा माणूस जरा वेळ गप्पच झाला.

टॅबचं लेकीला सांगितलं. दोन दिवस फुरंगटून होती. आज सकाळपासून नवा वाद: नाणी तिच्या खिशातली, म्हणून तिची, की बाबाने काढली म्हणून बाबाची? खोडरबर मात्र कोणीच आपलं म्हणत नाहीये.