लिफ्ट केलेल्या ग्लॅडिएटरचा ट्रॅक बार: टोकांना रबरी बुश हवेत की हाइम जॉइंट?

धागाकर्ता (डेन्व्हर)

जीप ग्लॅडिएटरला पुढे सलग ॲक्सल आहे आणि तो गाडीखाली डावी-उजवीकडे सरकू न देण्याचे काम मुख्यतः ट्रॅक बार करतो. त्याचे एक टोक चालकाच्या बाजूला चासीवर आणि दुसरे प्रवाशाच्या बाजूला ॲक्सलवर बसते. उंच स्प्रिंगा घालून गाडी ३ इंच, म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर उचलली की बार अधिक तिरपा होतो, त्याची आडवी लांबी घटते आणि ॲक्सल चालकाच्या बाजूला ओढला जातो. हिशेबापुरता बार ८०० मिलिमीटरचा धरला आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीत मुळात ७५ मिलिमीटरचा फरक मानला, तर हे सरकणे सुमारे ११ मिलिमीटर भरते. ते भरून काढायला लांबी बदलता येणारा बार घ्यावा, याबद्दल मला शंका नाही.

माझा आग्रह टोकांबद्दल आहे. जी गाडी रोज कामावर जाते आणि अधूनमधूनच युटामधल्या मोआबच्या खडकांवर चढते, तिच्या बारला दोन्ही टोकांना जाड रबरी बुशच (धातूच्या नळीभोवती बसवलेले रबर) असावेत असे माझे मत आहे. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात. हाइम जॉइंट म्हणजे धातूच्या कड्यात फिरणाऱ्या धातूच्या गोळ्याचा सांधा; त्याचा उघडा गोळा ते खारे पाणी आणि बारीक वाळू दोन्ही आत घेतो, त्याला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो, आणि धातूवर धातू असल्यामुळे तो प्ले थेट स्टीअरिंगमध्ये जाणवू लागतो. जाहिरातींत मात्र हाइम लावलेला चकचकीत बारच ‘खरा ऑफरोड’ म्हणून मिरवतो.

खडकवाट

सहमत नाही. मोआबमध्ये एक चाक खडकावर आणि दुसरे खड्ड्यात असते, तेव्हा ॲक्सल चासीच्या तुलनेत पिळला जातो आणि तो पीळ बारच्या टोकांनाच सोसावा लागतो. रबर थोडे वळते, पण वारंवार मर्यादेपलीकडे वळवले की आतल्या नळीपासून सुटते. शिवाय ते आडव्या दिशेनेही दबते. कंपनीच्या ३३ इंची टायरवर ते खपून जाते. ३७ इंची टायर लावल्यावर मात्र महामार्गावर स्टीअरिंग एक क्षण उशिरा उत्तर देते, हे मला अजिबात सहन होत नाही.

हाइमच हवा असा माझाही हट्ट नाही. जॉनी जॉइंटसारखा, पॉलियुरेथेनच्या वाट्यांत गोळा बसवलेला, ग्रीस भरता येणारा आणि उघडून आतले भाग बदलता येणारा सांधा मिळतो. तो किमान ॲक्सलकडच्या टोकाला असावा. तुम्ही फक्त रबर आणि हाइम यांची तुलना केली आहे, म्हणून रबर जिंकल्यासारखे दिसते.

ओळंबा

आपण दोघेही टोकांवर भांडत आहात आणि बारचा कोन विसरत आहात. वर दिलेल्याच आकड्यांवर हिशेब करू. गाडी उचलण्यापूर्वी चाक २५ मिलिमीटर वर गेले की ॲक्सल सुमारे २ मिलिमीटर आडवा सरकत होता. उचलल्यानंतर त्याच खड्ड्यात तो सुमारे ४.४ मिलिमीटर सरकतो, म्हणजे दुपटीहून अधिक. आता बार ११ मिलिमीटरने लांब केला, तर गाडी उभी असताना ॲक्सल मध्यावर येईल, पण कोन जवळजवळ तसाच राहील आणि खड्ड्यातले ते आडवे सरकणेही तसेच राहील. लांबी बदलता येणारा बार स्थिर गाडीचा दोष दुरुस्त करतो, चालत्या गाडीचा नाही.

दुसरी गोष्ट कलण्याची. गाडीचा वरचा भार पूर्ण ७५ मिलिमीटर वर गेला. बारचे मात्र एकच टोक वर गेल्यामुळे पुढचे कलण्याचे केंद्र, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू, साधारण निम्मेच वर गेले. या दोहोंतले अंतर वाढले की वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते. ॲक्सलवर उंच ब्रॅकेट वेल्ड करून बार पुन्हा आडवा करणे, हा या दोन्ही गोष्टींवरचा खरा उपाय आहे. पैसे आधी तिथे घालावेत. बार कुठल्याही बऱ्या कंपनीचा चालेल.

धागाकर्ता

गणित मान्य आहे, पण सल्ला अर्धवट आहे. ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक (स्टीअरिंगचे वळणे चाकापर्यंत नेणारा दांडा) एकमेकांना समांतर असतील, तरच चाक वर-खाली होताना दोन्ही सारख्याच कमानीत फिरतात. आज माझ्या गाडीत दोन्ही सारखेच तिरपे झाले आहेत, म्हणून खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप वळत नाही. फक्त बारचे ब्रॅकेट उंच केले, तर बार आडवा आणि ड्रॅग लिंक तिरपी अशी जोडी तयार होईल आणि बंप स्टीअर, म्हणजे खड्ड्यात स्टीअरिंगचे आपोआप वळणे, मी पैसे मोजून विकत घेतल्यासारखे होईल. मग ड्रॅग लिंकही चाकाकडच्या सांध्यावर वरच्या बाजूने बसवावी लागेल. ३ इंचांसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. ४ इंचांच्या पुढे तुमचे म्हणणे मी निमूटपणे मान्य करीन.

ओळंबा

ड्रॅग लिंक वर घ्यावीच लागते, हे मी गृहीत धरले होते. स्पष्ट लिहायला हवे होते, एवढे कबूल. मत मात्र तेच आहे.

काटकसर

माझा प्रश्न त्याहून आधीचा आहे: ११ मिलिमीटरसाठी नवा बार कशाला? एका बाजूचे टायर तेवढे बाहेर दिसल्याने गाडी बिघडत नाही. कंपनीचा बार ठेवावा, ड्रॅग लिंकची लांबी बदलून स्टीअरिंग सरळ करावे आणि उरलेले पैसे टायरमध्ये घालावेत. स्टीअरिंग सरळ करणे मात्र टाळू नये, कारण अमेरिकेतल्या अशा गाड्यांना २०१२ च्या मॉडेलपासून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचे आहे, आणि सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडे दिसले की ती यंत्रणा गाडी घसरते आहे असे समजून अकारण ब्रेक लावू शकते.

घाटमाथा (नाशिक)

भारतातल्या वाचकांसाठी थोडे. नव्या थारचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र, डबल विशबोन पद्धतीचे आहे, त्यामुळे पुढच्या ट्रॅक बारची ही चर्चा तिला लागू होत नाही. जिमनीला ती तंतोतंत लागू होते, कारण तिला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आणि दोन्हीकडे आडवा रॉड, म्हणजे ट्रॅक बारच, आहे. काटकसर यांचा युक्तिवाद अशा गाडीत कमजोर पडतो: हे दोन रॉड विरुद्ध बाजूंना बांधलेले असतील, तर एक ॲक्सल डावीकडे, दुसरा उजवीकडे जातो, दोहोंतला फरक दुप्पट होतो आणि मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावर पडत नाहीत. ग्लॅडिएटरलाही मागे ट्रॅक बार आहेच, हे विसरू नये. आमच्याकडे गाडी उचलण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ जरूर वाचावे. तिथे अडचण बारची नसून मूळ बांधणीतल्या बदलाची असते.

नटबोल्ट

बुश, गोळे आणि कोन यांवर एवढे लिहिले गेले, पण बोल्टचे नाव कुणी काढले नाही. डेथ वॉबल, म्हणजे महामार्गावर एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थांबता थांबत नाहीत इतकी थरथरतात तो प्रकार, मी पाहिलेल्या गाड्यांत बहुधा ट्रॅक बारच्या सैल बोल्टपाशी किंवा लंबगोल झालेल्या भोकापाशी येऊन संपला. जीपच्याच जुन्या रँगलर जेके मॉडेलमध्ये १४ मिलिमीटरचा बोल्ट भोकात किंचित हलतो, म्हणून अनेक जण भोक थोडे मोठे करून ९/१६ इंचाचा बोल्ट घट्ट बसवतात. नवा स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे धक्के शोषणारा भाग) लावून ही थरथर झाकता येते. ती बरी होत नाही.

म्हणून बार निवडताना मी आधी पाहतो ते असे: टोकातली धातूची नळी ब्रॅकेटमध्ये हाताने ढिली बसते की हलके ठोकून बसवावी लागते, बारची लांबी पक्की करणारा चेकनट मोठा आहे का, आणि लांबी वाढवल्यावरही आट्यांचा पुरेसा भाग आत राहतो का. जीपच्या पुढच्या बाजूला बार लांबच करायचा असतो, त्यामुळे शेवटचा मुद्दा कागदी नाही. बार जिथे वाकवलेला आहे, तो भाग स्प्रिंग पूर्ण दबल्यावर डिफरेन्शियलच्या कव्हरला टेकत नाही, हेही गाडी जॅकवर घेऊन तपासावे.

रबरी बुश घेणार असाल तर बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचे पूर्ण वजन चाकांवर असलेच पाहिजे. चाके लोंबत असताना आवळले, तर गाडी खाली येताच बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. मग दोष रबराला दिला जातो. खडकवाट यांनी पाहिलेल्या सुटलेल्या बुशांपैकी किती असे आवळलेले होते, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

खडकवाट

काही असतीलही. तरीही ३७ इंची टायरवर मी ॲक्सलच्या टोकाला रबर लावणार नाही. दर सर्व्हिसिंगला ग्रीस भरणे मला जमते; ज्यांना जमत नाही त्यांनी खुशाल बुश लावावेत.

धागाकर्ता

माझे टायर ३५ इंची आहेत आणि ग्रीसगन गॅरेजमध्ये धूळ खात पडली आहे, त्यामुळे मी रबरी बुशाचाच बार मागवतो आहे. नटबोल्ट यांच्या सांगण्यावरून दोन्ही ब्रॅकेटांची भोके मात्र आधी कॅलिपरने मोजेन, आणि ती लंबगोल निघाली तर बारच्या आधी ब्रॅकेटचे काम करून घेईन.